वेड्या राघूंच्या दारातला तंबू

"आई, तुम्हीही चला ना," असं मी म्हटलं ते केवळ रीत म्हणून. नव्या सुनेनं असं म्हणायचं असतं आणि सासूनं "नको गं, तुम्ही दोघं जाऊन या" म्हणायचं असतं, अशी माझी समजूत होती. माझ्या सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "येतंय. थंय जेवाण कोण करतला?" एवढंच म्हणाल्या आणि पंधरा मिनिटांत त्यांची पिशवी बांधून तयार होती.

ही पन्नासच्या दशकातली, नवे पैसे चालू व्हायच्या आधीची गोष्ट. या ब्लॉगवर मी अनेक सहलींबद्दल लिहिलं, पण पहिल्या सहलीबद्दल कधी लिहिलं नाही, कारण आज ती कुणाला करता येणार नाही. जागाच तशी उरलेली नाही. तरी ज्यांना पाखरं बघायला आवडतात त्यांच्या उपयोगाचं यात काही सापडेल.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि लग्नाला दोन महिने झाले होते. घाटकोपरला चाळीतल्या एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो. मी, मोहन आणि सासूबाई. मोहन एका कारखान्यात नकाशे काढण्याच्या कामावर होता. (तेव्हा मी त्याचं नावही घेत नसे, आता बिनधास्त लिहिते.) सासूबाई मालवणकडच्या. गिरणीत काम करणारे सासरे गेल्यावर गावाकडचं घर बंद करून मुलाकडे आलेल्या. वय असेल अठ्ठेचाळीस, पण मला त्या फार म्हाताऱ्या वाटत. आणि खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटे. त्या ओरडत नसत. नुसत्या बघत. मी तांदूळ निवडत असले की बघत, धुणं पिळत असले की बघत.

मोहनला चार दिवसांची रजा मिळाली होती. हॉटेलात राहणं आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं. त्याच्या कचेरीतल्या एकानं सुचवलं की बोरिवलीला दहिसर नदीच्या काठी पास्कू नावाच्या शेतकऱ्याची वाडी आहे, तिथे तो तंबू ठोकू देतो, विहिरीचं पाणी आहे, चुलीला दगड आहेत, दिवसाला आठ आणे घेतो. त्याच मित्रानं लष्कराच्या लिलावातला एक जुना हिरवा तंबू दिला. त्याला चार ठिगळं होती आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. अशा तंबूत नवऱ्याबरोबर चार दिवस, या कल्पनेनं मी हरखून गेले होते. त्यात सासूबाई आल्या.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी निघालो. घाटकोपरहून दादर, तिथून गाडी बदलून बोरिवली. स्टेशनाबाहेर टांगा मिळाला. टांगेवाला बारा आणे म्हणाला, सासूबाईंनी त्याला आठावर आणलं आणि तंबूचं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं. बाजारपेठ पाच मिनिटांत संपली. मग दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, कापून झालेली भातखाचरं, मधूनच एखादा पांढरा क्रूस आणि समोर निळसर डोंगर. धूळ इतकी की टांग्यातून उतरलो तेव्हा तिघांच्याही भुवया पिवळ्या झाल्या होत्या.

पास्कू आणि त्याची बायको रोझा हे तिथल्या जुन्या कॅथलिक कुटुंबातले, घरात मराठी बोलणारे. पास्कू पन्नाशीचा, कमी बोलणारा. रोझा त्याच्या वाटचंही बोलायची. तिनं आल्याआल्या ताडगोळे सोलून दिले आणि आंब्याखालची जागा दाखवली. सावली दाट, विहीर जवळ. पास्कूकडे येणारे सगळे तिथेच तंबू ठोकत.

मला मात्र नदी हवी होती. उन्हाळ्यात नदी म्हणजे मधोमध गुडघाभर पाण्याची धार आणि दोन्ही बाजूंना वाळू. एका वळणावर काठ उभा कापल्यासारखा होता, पुरुषभर उंच, पिवळ्या मऊ मातीचा. त्याच्या पायथ्याशी वाळूत तंबू ठोकायचा, दारातून पाणी दिसेल, असं मी मनात चित्र रंगवलं आणि हट्ट धरला. मोहन लगेच तयार झाला. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या.

पहिला दिवस झकास गेला. पाण्यात पाय सोडून बसलो. सासूबाईंनी कुळथाची पिठी आणि भात केला, रोझानं भाजलेले सुके बोंबील आणून दिले. तंबूच्या दोरीवर मी धुतलेली साडी वाळत टाकली. आणि दोरीवर पाखरं येऊन बसली. चिमणीपेक्षा थोडी मोठी, हिरवीगार, डोक्यावर तांबूस झाक, डोळ्यातून काळी रेघ, शेपटीतून दोन बारीक पिसं तारेसारखी लांब निघालेली. वेडे राघू. मी पुस्तकात नाव वाचलं होतं, इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. चोचीत माशी नाहीतर चतुर धरून ती बसत, तो दोरीवर आपटत, आणि गोड आवाजात ट्री-ट्री करत. ती आमच्यासाठीच आली आहेत असं मला वाटलं. मी मोहनला म्हटलं, बघा, मी जागा किती छान निवडली.

रविवारी सकाळी सासूबाई चहा घेऊन माझ्याजवळ वाळूत बसल्या. बराच वेळ दोरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "चोचीत घास घेवन कालपासून बसली आसत. गिळणत नाय, उडणत नाय. कित्याक, सांग बगया?"

त्यांनी हनुवटीनं काठाकडे खूण केली. तंबूच्या मागेच, मातीच्या भिंतीत रुपयाएवढी गोल भोकं होती. मी ती उंदरांची समजले होते. "आत पिल्लां आसतली. ह्यांका आत जावचा आसा, पण आमका भितत. त्यांच्या दारातच आपण तंबू घातलो."

माझा चेहरा उतरला. काल दुपारपासून ती पाखरं घास घेऊन ताटकळत होती आणि मी त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते. मी उठून खुंट्या उपटायला लागले. मोहन धावत आला, त्याला वाटलं आमचं भांडण झालं. भर उन्हात आम्ही तिघांनी तंबू, चूल, भांडी, सगळं उचलून आंब्याखाली नेलं. रोझा हसली, पण भांडी न्यायला तिनं हात लावला.

तिथून आम्ही बघत बसलो. दहा मिनिटं काही झालं नाही. मग एक राघू सरळ उडत आला आणि भिंतीत नाहीसा झाला. त्याच्या मागून दुसरा. मग तर ये-जा इतकी सुरू झाली की मोहनला भोकं मोजता येईनात. शेवटी त्यानं कागदावर काठाचं चित्र काढून भोकांवर खुणा केल्या. अकरा घरं होती. तुम्ही कुठेही पाखरं बघायला गेलात तर एवढं ध्यानात ठेवा. पाखरू चोचीत खाऊ घेऊन बसलंय आणि घरट्यात जात नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. फोटो राहू दे, आधी मागे व्हा.

त्याच दुपारी पास्कू खांद्यावर पहार आणि काखेत चार खुंट्या घेऊन आला. काठावर उभा राहून त्यानं पावलं मोजली आणि पहिली खुंटी ठोकली, ती बरोबर भोकांच्या वर. दुसरी ठोकली तेव्हा काठाचा एक पापुद्रा सुटून खाली घसरला. मी धावत गेले. एक भोक मातीनं पार बुजलं होतं.

काय करताय, असं मी विचारलं तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं. त्याचं निम्मं शेत नदीपलीकडे होतं. बैलगाडी उतरायची जुनी वाट गेल्या पावसाळ्यात पुरानं खाल्ली होती. आता पावसाआधी नवा उतार काढायचा, गाडीनं शेणखत पलीकडे न्यायचं. उद्या सोमवारी दोन मजूर येणार होते, दोनच दिवसांसाठी. बुधवारपासून ते दुसरीकडे कामाला बांधलेले. माती मऊ म्हणून जागा हीच.

मी भोकं दाखवली. महिनाभर थांबा, पिल्लं उडून जातील, असं म्हटलं. महिन्यानं मजूर पेरणीला आपापल्या गावी जातात, असं तो म्हणाला. मग मी जरा जास्तच बोलले. मुक्या जिवांचं काय, वगैरे. पास्कूनं सगळं ऐकून घेतलं. "बाई, तुमचं खरं हाय," तो म्हणाला. "पण मना पावसाआधी गारी पल्याड न्यायची हाय. खत डोक्यावर किती वाहू?"

चार दिवस हवा खायला आलेली बाई मी. त्याचं वर्षभराचं पोट त्या खतावर होतं. मी मोहनकडे बघितलं. तो काठाकडे बघत उभा राहिला आणि मग नदीतून खालच्या अंगाला चालत निघून गेला. मला त्याचा भयंकर राग आला. दोन महिन्यांत मी त्याला कुणाशी वाद घालताना पाहिलं नव्हतं, आणि हा माणूस भित्रा आहे असं त्या दुपारी माझं ठाम मत झालं.

मी बुजलेलं भोक कालथ्याच्या दांड्यानं मोकळं करायला बसले. हातभर आत गेलं तरी सगळी मातीच लागत होती. जास्त खोदलं तर उरलेलंही ढासळेल म्हणून थांबले. दोन राघू माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होते. मी लांब झाल्यावर ते भोकाच्या तोंडाशी आले, फडफडले आणि परत फांदीवर जाऊन बसले.

संध्याकाळी उन्हं उतरताना मोहन आला. पायांना चिखल, हातात बांबू. त्या बांबूला त्यानं सुतळीनं औषधाची बाटली आडवी बांधली होती, अर्धी पाण्यानं भरलेली. बाटलीतलं पाणी बघून चढउतार मोजायची ही त्याची युक्ती. तो थेट पास्कूकडे गेला आणि अंगणातल्या धुळीत काटकीनं नकाशा काढला. साठ पावलं खाली, जिथून म्हशी पाण्यात उतरत, तिथे उतार जवळजवळ तयारच होता. तिथे काढलेली वाट वळणावरच्या वाटेपेक्षा कमी चढाची होईल, बैलांना सोपी जाईल. अडचण खाली होती. पायथ्याशी काळ्या खडकाची पायरी आणि भलेमोठे गोटे. गोटे हलवून एका बाजूनं भिंत रचायची आणि मागे मातीची भर घालायची, तरच गाडी उतरेल.

पास्कू म्हणाला, हे त्यालाही ठाऊक आहे. पण दोन माणसांचं दोन दिवसांचं ते काम नाही, चार तरी लागतील.

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चार कित्याक? तुमची दोन, आमी तीन. पाच झाली."

रोझा म्हणाली, मग सहा.

पास्कू त्या धुळीतल्या रेघांपाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, उद्या दुपारपर्यंत करून बघू. जमत नाही असं दिसलं तर मी वळणावर खोदणार, मग मला कुणी अडवायचं नाही. आम्ही कबूल केलं.

सोमवारी सकाळी सहाला कामाला लागलो. मजूर पहारीनं गोटे सुटे करत, मोहन आणि पास्कू ते ढकलत, रोझा आणि मी घमेल्यानं माती वाहत. नऊ वाजेपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले होते. अकरा वाजता आमची भिंत कंबरेइतकी झाली आणि मधूनच ढासळली. मजुरांनी कपाळाला हात लावला. पास्कूनं सूर्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं.

तेव्हा सासूबाईंनी नऊवारीचा पदर खोचला आणि त्या दगडांत उतरल्या. मजुरांना त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं. ढासळलेले गोटे एकेक करून हातानं चाचपले, फिरवले, काही बाजूला टाकले. मग खाली रुंद दगड, त्यावर दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा, फटीत दगडाच्या चिपा, आणि सगळी भिंत किंचित मागे रेललेली. गावाकडे घराभोवतीचा दगडी गडगा, बिनमातीचा, नुसता दगडावर दगड, त्यांनी एकटीनं रचला होता, हे मला तेव्हा कळलं. सासरे मुंबईला गिरणीत, मोहन पाळण्यात, आणि या दर उन्हाळ्यात चार हात गडगा घालत. मोहनलाही हे नीट ठाऊक नव्हतं. तो आईकडे असा बघत होता जसा काही तिला पहिल्यांदाच बघतोय.

सासूबाई मजुरांना हुकूम देत होत्या आणि मजूर मुकाट ऐकत होते. मी चुकीचा दगड आणला की नुसत्या बघत. पण आता त्या बघण्याचा अर्थ मला कळू लागला होता. तो राग नव्हताच. दुसरा आण, एवढंच त्यांना म्हणायचं असे.

दुपारी पास्कू भिंतीवर चढला, त्यानं दोन उड्या मारल्या आणि पहार उचलून तो पुन्हा तिथेच आमच्याबरोबर कामाला लागला.

मधल्या सुट्टीत मी वळणावर जाऊन येई. दहा घरांची ये-जा जोरात होती. बुजलेल्या भोकाची जोडी सोमवारी दुपारपर्यंत समोरच्या फांदीवर दिसली. एकदा तर चोचीत घास होता. मंगळवारी ती दिसली नाही. त्या भोकात पुन्हा कुणी गेलं नाही. आम्ही शनिवारीच आंब्याखाली उतरलो असतो तर पास्कू यायच्या आधी ती भोकं कुणाला दिसली असती की नाही, कोण जाणे. मी त्यावर अजूनही कधीकधी विचार करते.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला पास्कूनं गाडी जुंपली. अर्धीच खतानं भरली होती. बैल उताराच्या तोंडाशी थबकले. पास्कूनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला, मग ते एकेक पाऊल टाकत उतरू लागले. पायरीपाशी डावं चाक भिंतीच्या कडेवर आलं. दोन दगड करकरले आणि एक चीप निसटून पाण्यात पडली. मोहननं माझा हात धरला, आईसमोर, चारचौघांत. भिंत उभी राहिली. चाक पाण्यात उतरलं, गाडी कलली, सावरली आणि पाणी उडवत पलीकडे चढली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मजूर खाली बसले आणि त्यांनी बिड्या काढल्या. सासूबाई पाण्यात उतरून भिंतीवर तळवा दाबून आल्या. पास्कू पलीकडून रिकामी गाडी घेऊन परत आला, गाडी सोडली, वळणावर गेला आणि त्यानं ठोकलेल्या खुंट्या स्वतःच्या हातानं, माती सांडणार नाही अशा हळूहळू फिरवत उपटून काढल्या. तंबूचे पैसे घ्यायला तो तयार होईना. सासूबाईंनी ते रोझाच्या हातात ठेवले आणि रोझानं त्यांच्या पिशवीत वांगी आणि कैऱ्या भरल्या.

पुढचं इथेच सांगून टाकते. तीन आठवड्यांनी एका रविवारी आम्ही तिघं पुन्हा गेलो. उतार कसा आहे ते बघायला हवं, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. उताराकडे त्यांनी ओझरतंही बघितलं नाही. वळणासमोरच्या वाळक्या फांदीवर सहा पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती, रंगानं फिकी, शेपटीची लांब पिसं अजून फुटायची होती. मोठी पाखरं त्यांना भरवत होती. त्या पावसाळ्यात उतार टिकला आणि पुढची काही वर्षं पास्कूची गाडी तिथूनच गेली. नंतर वाडी गेली, इमारती आल्या, नदीला भिंती बांधल्या. वेडे राघू त्या भागात अजून दिसतात, तारांवर बसलेले. मी गेले की बघते.

पण मला शेवटी सांगायचंय ते त्या मंगळवारच्या संध्याकाळचं. घाटकोपरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. कान्हेरीची लेणी पाहिली का, त्यांनी विचारलं. चार दिवस लेण्यांच्या इतक्या जवळ राहून आम्हाला ती आठवलीही नव्हती. मी हात धुऊन स्वयंपाकाला लागले. वांग्याची भाजी आणि भात. आमच्या घरी आधी मोहनचं पान, मग सासूबाईंचं, मग माझं, असं चालत आलं होतं. त्याप्रमाणे मी एक ताट मांडलं.

सासूबाईंनी फडताळातून आणखी दोन ताटं काढली आणि त्याच्याशेजारी ठेवली. वाडीवर दोन दिवस मातीच्या हातांनी आम्ही तिघं एकदमच जेवायला बसत होतो, तिथे पाळ्या ठरवायला कुणाला वेळ नव्हता. पण ते रान होतं, आणि इथे दारात काकू उभ्या होत्या. काकूंनी भुवया उंचावल्या. आज सून आधीच बसली वाटतं, असं काहीतरी म्हणाल्या.

"भूक तिगांकय एकदमच लागता," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात भात वाढला.

माझ्या फोडांमुळे मला नीट कालवता येत नव्हतं. त्यांनी ते बघितलं आणि चमचा पुढे सरकवला. त्यानंतर त्या तेवीस वर्षं जगल्या. आमच्या घरात पुन्हा कधी कुणी शेवटी जेवलं नाही.